लेकीच्या बाळंतपणाचं गाठोडं

बायकोनं लेकीच्या पहिल्या बाळंतपणासाठी बांधून ठेवलेलं गाठोडं मी भांडेवालीला देऊन टाकलं. बदल्यात स्टीलचा एक डबा, दोन वाट्या आणि चहाची गाळणी मिळाली.

ते गाठोडं बाळंतपणाचं आहे हे मला माहीत नव्हतं, एवढं एक माझ्या बाजूनं सांगता येईल. पण उभा जन्म एका घरात राहून ज्यानं बायकोचं कपाट कधी उघडून बघितलं नाही, त्याच्या बाजूनं आणखी काय सांगणार? मी धाराशिवकडच्या वाशीत वायरमन होतो. तालुक्यातल्या कुठल्या डीपीवर कुठला फ्यूज सारखा उडतो, हे मला झोपेतनं उठवून विचारलं असतं तरी सांगितलं असतं. घरात मीठ कुठल्या डब्यात असतं हे मात्र बायको दवाखान्यात गेल्यावर कळलं, आणि तेसुद्धा आमटीत पिठीसाखर पडल्यावर.

ती गेली ती उन्हाळ्याच्या तोंडाला. त्याआधी सहा-सात महिने सोलापूरच्या दवाखान्यात आमचं जाणं-येणं चालू होतं. लेक सासरहून, माकणीहून यायची, आठ-आठ दिवस आईच्या उशाशी राहायची. मी बाहेर बाकावर बसायचो आणि दवाखान्याची वायरिंग किती वाईट केली आहे ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचो. आत मायलेकी काय बोलायच्या ते मला कधी कळलं नाही. मी विचारलंही नाही. बायकांचं बोलणं, आपल्याला काय करायचंय, असं मला वाटायचं.

दहावं झालं, तेरावं झालं, पाव्हणे पांगले. लेक पंधरा दिवस राहिली आणि तिलाही जावंच लागलं. घरात मी आणि ते लोखंडी कपाट असे दोघे उरलो. त्या कपाटाचं दार पहिल्यापासून नीट लागत नव्हतं. पंखा लावला की ते आपलं आपण किलकिलं व्हायचं आणि आतनं वास यायचा. डांबराच्या गोळ्यांचा, खोबरेलाचा, आणि आणखी एक, ज्याला नाव नाही. मी उठून दार लावायचो. ते परत उघडायचं. शेवटी मी हँडलला तार गुंडाळली. वायरमन माणूस, दुसरं काय सुचणार. बिजागरी बदलली असती तर दहा मिनिटांचं काम होतं. पण बिजागरी बदलायची म्हणजे दार पुरतं उघडावं लागणार होतं.

असे पाच महिने काढले. मग एक दिवस सकाळी गल्लीत भांडेवाली ओरडत आली, जुन्या कपड्यावर भांडी देणारी. मला काय झालं कोण जाणे. मी तिला दारात थांबवलं, पक्कड घेतली, तार तोडली आणि कवटाळून कवटाळून साड्या बाहेर आणून ओतल्या. तोंड एका बाजूला फिरवून. बाई टोपली खाली ठेवून बघतच राहिली. इतके चांगले कपडे, आणि आणणारा बाप्या माणूस. तिनं मला विचारलं,

"बाई कुठं हायती? बाईला इचारा आदी."

पुरुषानं कपडे काढून दिले की संध्याकाळी घरची बाई भांडायला येते, हा तिचा रोजचा अनुभव असणार. मी म्हणालो, "बाईनंच सांगितलंय."

खालच्या कप्प्यात अगदी कोपऱ्याला पांढऱ्या फडक्यात बांधलेलं एक गाठोडं होतं. तेही आणलं. भांडेवाली गाठ सोडून आत काय आहे ते बघायला लागली. मी तिचा हात धरायचाच बाकी ठेवला. म्हणालो, असू दे, बघू नको, तसंच ने. तिला वाटलं असेल, म्हातारा चोरीचा माल खपवतोय. एवढ्या कपड्यांवर नुसता डबा देताना तिलाच कसंतरी वाटलं. तिनं दोन वाट्या घातल्या, आणि जाता जाता मागं वळून गाळणी दिली.

दोन दिवस मला लई मोकळं वाटलं. मग एकदा पंखा लावला, दार किलकिलं झालं, आणि आतनं काहीच आलं नाही. ते जास्त वाईट होतं. मी दाराला परत तार गुंडाळली. कुणाला सांगितलं मात्र नाही. लेकीलाही नाही.

दोनेक वर्षं गेली. लेकीच्या लग्नाला पाच वर्षं झाली होती आणि तिकडनं काही बातमी नव्हती. गल्लीतल्या बायका मला विचारायच्या, मी त्यांना लाइट बिलाचं विचारायचो. मग या श्रावणात तिचा फोन आला. तिसरा लागला होता. मी विचारलं, "डॉक्टरकडं इन्व्हर्टर हाय का?" ती हसली. मग म्हणाली,

"अप्पा, तुम्ही काही आणू नका. आईनं माझ्यासाठी गाठोडं बांधून ठेवलंय. खालच्या कप्प्यात हाय, पांढऱ्या फडक्यात. दवाखान्यात असताना सांगितलं होतं तिनं मला. ओटीभरणाला याल तेव्हा तेवढं आणा."

आमच्याकडं तान्ह्या लेकराच्या अंगाला बारशापर्यंत नवं कापड लावत नाहीत. घरातल्या बायकांनी नेसून, धुऊन, लोण्यासारखं झालेलं लुगडं फाडायचं आणि त्याची दुपटी, लंगोट करायचे. पहिलटकरणीला तिच्या आईकडनं असलं गाठोडं येतं. बाकी लाडू, तूप, साडी-चोळी कुणीही आणतं. हे एक आईनंच द्यायचं. आणि तिनं ते दिलं होतं. मरायच्या आधी, नातवंडाचा मागमूस नसताना, बांधून कोपऱ्यात सारून ठेवलं होतं.

"आणतो की," मी म्हणालो.

गाठोडं देऊन टाकणं ही चूक होती, पण ती अडाणीपणाची. ही 'आणतो की' शुद्धीत केलेली.

आता माझा उद्योग बघा. पहिल्यांदा मी आठवडी बाजारात त्या भांडेवालीला गाठलं. तिला मी ओळखू आलो नाही, डबा आणि गाळणी सांगितल्यावर मात्र आठवलो. दोन वर्षांपूर्वीचं गाठोडं परत मागणारं गिऱ्हाईक तिनं जन्मात बघितलं नसेल. म्हणाली, आमी कापड घरात ठेवत न्हाई, आठवड्याच्या आठवड्याला व्यापारी नेतो. चांगलं असलं तर बाजारात विकतो, न्हाय तर पुसायची फडकी म्हणून गॅरेजला जातंय. नंतर तिनं हळूच विचारलं, "बाई रागावल्या काय?" मी म्हणालो, व्हय.

मग गॅरेज. मोंढ्याकडच्या रस्त्याला एक ओळखीचा मिस्त्री आहे, त्याच्याकडं फडक्यांचं पोतं असतं. मी कधी ऑइलच्या निमित्तानं, कधी हवा भरायच्या निमित्तानं जायचो आणि पोत्यात हात घालायचो. एकदा त्याच्या हातातलं फडकं मी ओढूनच घेतलं. जांभळ्या फुलांचं, ग्रीसनं काळं झालेलं. उन्हात धरून बघत राहिलो. मिस्त्रीनं विचारलं, काय हरवलं साहेब? ते फडकं बायकोचं होतं का? तिच्याकडं जांभळ्या फुलांची साडी होती का नव्हती, हेच मला आठवेना. इतक्या वर्षांत ती माझ्यासमोर रोज काहीतरी नेसून वावरली असणार. शोधायला निघालो होतो आणि सापडलं तरी ओळखायचं कसं, ते ठाऊक नव्हतं. फडकं परत दिलं. पुढं आठ दिवस त्या रस्त्यानं गेलो नाही.

पेन्शनच्या दाखल्यासाठी धाराशिवला गेलो होतो, तेव्हा विचार केला, निदान दुसरं काहीतरी इतकं भारी न्यावं की पोरगी गाठोडं विसरेल. एका मोठ्या दुकानात शिरलो. तिथल्या मुलीला विचारलं, पहिलटकरणीला काय द्यावं? तिनं विचारलं, सर, पहिल्यांदाच गिफ्ट देताय का?

पहिल्यांदा कसलं. लेक जन्मली तेव्हा मी बायकोच्या माहेरी शंभरचा बल्ब, होल्डर आणि दहा फूट वायर घेऊन गेलो होतो. बाळंतिणीच्या खोलीत अंधार असतो असं ऐकलं होतं. अंधार असतो कारण तो ठेवतात, हे नव्हतं ऐकलं. मी स्टुलावर चढून बल्ब लावला आणि बटण दाबलं. लेकरू किंचाळलं. सासूबाईंनी उठून बटण बंद केलं. अंधारात बायको हसत होती, टाके दुखत होते म्हणून पोट धरून. म्हणाली, "पुढच्या खेपेला काही आणू नका. नुसते या." पुढची खेप आलीच नाही.

तर त्या दुकानातल्या मुलीनं मला एक उशी दाखवली. बाईएवढी लांब, घोड्याच्या नालासारखी वाकवलेली. गरोदर बाईनं तिच्या मधे झोपायचं म्हणे, पाठीला पण आधार आणि पोटाला पण. मी ती घेतली. घडी होत नव्हती. वाशीच्या गाडीत ती मांडीवर घेऊन बसलो तेव्हा कंडक्टरनं दोनदा वळून बघितलं. येडशीला एक म्हातारी चढली, शेजारी टेकली, विचारलं, पाव्हणं, हे काय म्हणावं? मी सांगितलं, गरवार बाईची उशी. "असली असती तर मलाबी सात झाले नसते," असं काहीतरी पुटपुटत ती त्या उशीवर कलंडली आणि येरमाळ्यापर्यंत घोरत आली. मी हललो नाही. कुणाला तरी उपयोग होतोय, एवढं बरं वाटत होतं.

उशीनं काम भागणार नव्हतं हे मला घरी आल्यावर कळलं. लेकीनं फोनवर परत विचारलं, गाठोडं सापडलं का? मी म्हणालो, सापडलं. खोटं बोलणाऱ्याचं असं असतं, त्याला पुढचं काम लागतं. मग मी ठरवलं, गाठोडं तयार करायचं.

बायकोची एक साडी मला आठवत होती. हिरवी, सुती, तांबड्या काठाची. मी घरात पंखा-बिंखा काढायला चढलो की ती शिडी धरायची, आणि वरनं मला तिचा भांग आणि हिरवा पदर दिसायचा. तेवढीच एक. तशीच साडी मी बाजारातनं घेतली. नवी कोरी, खळीनं कडक. आणि ती जुनी करायला बसलो.

रोज सकाळी बादलीत सोडा घालून भिजवायची, दगडावर आपटायची, पिळायची, गच्चीवर दोरीला टाकायची. वाळली की परत बादलीत. दुपारी ती अंगावर घेऊन पडायचो, चुरगळावी म्हणून. महिनाभर हा धंदा. हाताची सालं निघाली, रंग थोडा उडाला, पण कापड काही मऊ होईना. गच्चीवरची गोष्ट मात्र माझ्या ध्यानात आली नाही. एकट्या राहणाऱ्या माणसाच्या दोरीवर रोज बाईची साडी वाळत होती आणि अख्खी गल्ली ती बघत होती. किराणा दुकानात मी गेलो की बोलणं थांबायचं. एकानं तर अभिनंदन केल्यासारखा हात दाबला. मला वाटलं, नातवंडाचं कळलं वाटतं. मी म्हणालो, अजून चार महिने हायत. तो गारच पडला.

शेवटी शेजारच्या वहिनी आल्या. आमच्यापेक्षा वयानं मोठ्या, बायकोची सकाळ-संध्याकाळची मैत्रीण. दारात उभ्या राहूनच त्यांनी विचारलं, "भावजी, गल्ली काय बोलायलीय ते बोलू द्या. मला खरं सांगा. बाई आणली का?"

मी त्यांना आत बसवलं आणि सगळं सांगितलं. भांडेवाली, गॅरेज, बादली, सगळं. त्या हसतील म्हणून वाट बघत होतो. त्या हसल्या नाहीत. साडी हातात घेतली, अंगठ्यानं चोळून बघितली.

"आपटून लुगडं फाटतंय भावजी, मऊ न्हाय होत. मऊ व्हायला ते अंगावर घामात भिजावं लागतंय, चुलीपुढं बसावं लागतंय. वर्षं लागत्यात."

मग त्यांनी स्वतःचं एखादं जुनं देते म्हणून सांगितलं. पण माझी लेक यांच्या मांडीवर लोळून मोठी झालेली, यांचा पदर तिनं डोळे मिटून ओळखला असता. ते बोलून दाखवल्यावर वहिनी माझ्याकडं बघत राहिल्या. म्हणाल्या, मग हा पदर तिच्या आईचा न्हाय, हे ओळखणार न्हाय व्हय? पोरीला खरं सांगा. आताच सांगा, फोनवर. मी म्हणालो, सांगतो. नाही सांगितलं. वहिनींनी डिंकाचे लाडू वळून दिले, डब्यात भरून. भांडेवालीनं दिलेला डबा. तेवढ्या मापाचा दुसरा नव्हता.

सातव्या महिन्यात माकणीला डोहाळजेवण ठरलं. मी पांढरं फडकं घेतलं, त्यात हिरवी साडी ठेवली, गाठोडं फुगावं म्हणून माझ्या दोन जुन्या चादरी खाली घातल्या, आणि गच्च गाठ मारली. एका हातात गाठोडं, काखेत उशी, पाठीला लाडू. दोन गाड्या बदलून पोचलो तर माजघर बायकांनी भरलेलं. लेक हिरवी साडी नेसून, फुलांची वाडी घालून पाटावर बसली होती. सात महिन्यांनी तोंड सुजल्यासारखं झालं होतं आणि त्या सुजेत ती हुबेहूब आईसारखी दिसत होती. मी उंबऱ्यातच अडखळलो. काखेतली उशी आधी आत गेली, मागनं मी. बायकांत जी हसाहशी झाली ती बराच वेळ थांबली नाही.

ओटी भरायची ती सवाष्णींनी. बिनबायकोच्या बापाचं तिथं काही काम नसतं. मी ओसरीवर व्याह्यांजवळ बसलो. ते धोतराचा सोगा सावरत तंबाखू मळत होते, बोलायचे कमी. तेरणेच्या धरणात यंदा पाणी किती आहे तेवढं आमचं बोलून झालं. आत गाणी चालली होती. एकेक बाई ओटी भरत होती, आणि 'आईची ओटी' असं कुणीतरी म्हणालं. मग लेकीच्या मावससासूनं पुढं होऊन भरली. मी व्याह्यांकडं तंबाखू मागितला. मी तंबाखू खात नाही.

जेवणं झाल्यावर लेकीनं मला आतल्या खोलीत बोलावलं. पलंगावर गाठोडं ठेवलं होतं. तिनं ते अजून सोडलं नव्हतं, मी समोर असावा म्हणून. चेहऱ्यावर असं काही होतं की मला वाटलं, आताच बोलावं. पण मी म्हणालो, "सोड की."

तिनं गाठीला हात लावला. दोन्ही टोकं चाचपली. नखं घातली. गाठ हलेना. तिची बोटं तिथंच थांबली.

"अप्पा, ही आईची गाठ न्हाय."

मी म्हणालो, प्रवासात आवळली असेल.

"आई सुटी गाठ मारायची. एक टोक ओढलं की मोकळी व्हायची. तिच्या बोटात जोर राहिला नव्हता तवाबी तशीच मारायची. ही तुमची हाय. तारेला मारतात ती."

इतकी धुतली, आपटली, अंगावर घेऊन झोपलो, आणि पकडलो गेलो तो गाठीत. मी खाली बसलो. तिनं विचारलं, खरं गाठोडं कुठाय? मी सांगितलं. कुणाला दिलं तेही सांगितलं. ती ओरडली नाही. फक्त एक विचारलं,

"उघडून बघितलं होतं का?"

"नाही."

मग तिनं मला त्यात काय काय होतं ते सांगितलं. आईनं दवाखान्यात बोटांवर मोजून एकेक सांगितलं होतं आणि तिनं ते पाठ केलं होतं. घरात नेसायच्या चार सुती साड्या, त्यात ती हिरवी. आजीचं एक इरकली लुगडं, अर्धं. आणि तळाशी एक दुपटं. ती स्वतः जन्मली तेव्हा तिला ज्यात गुंडाळलं होतं ते. "तुम्ही बल्ब लावला तवा माझ्या अंगावर होतं ते," ती म्हणाली. "आईनं इतकी वर्षं ठेवलं होतं. म्हणाली, आधी तुझ्या लेकराला यात घे, मग माझी लुगडी फाड."

मी काहीतरी सांगायला लागलो. कपाटाचं दार लागत नव्हतं, वास यायचा, पाच महिने मी दाराला तार गुंडाळून ठेवली. ती ऐकत होती. डोळ्यांतनं पाणी वाहत होतं आणि ते ती पुसत नव्हती, जसं काही ते दुसऱ्या कुणाचं आहे.

"तुम्हाला सोसत नव्हतं तर मला एक फोन करायचा होता की अप्पा. मी येऊन नेल्या असत्या. मला तर तो वास पायजे होता."

मी त्या कपाटाला तार गुंडाळत होतो तेव्हा माझ्या डोक्यात एकच होतं, माझी बायको गेली. त्या पोरीची आई गेली होती हे मी शंभर लोकांना सांगितलं असेल, दहाव्याला, तेराव्याला, पण मला ते कळलं नव्हतं. ती त्या दोन वर्षांत माहेरी आली असेल चार-पाच वेळा. कपाट बंद बघून गेली. तिला वाटत राहिलं, आत आई घडी करून ठेवलेली आहे.

विहीणबाई केव्हा येऊन दारात उभ्या राहिल्या होत्या कोण जाणे. चपळ बाई, बोलायला कडक. त्यांनी सुनेकडं बघितलं, गाठोड्याकडं बघितलं. लेक सासूला एवढंच म्हणाली, "आईचं गाठोडं न्हाय राहिलं, मामी." कसं गेलं ते तिनं सांगितलं नाही. ते मी सांगितलं. निदान तेवढं तरी मीच सांगावं म्हणून.

त्यांनी ऐकून घेतलं. कोपऱ्यातली पेटी ओढली, स्वतःची दोन जुनी लुगडी काढली, व्याह्यांचं एक विरलेलं धोतर काढलं, आणि भुईवर बसून दातानं काठ तोडून फाडायला सुरुवात केली. लेकही खाली बसली. पोट सांभाळत, एक पाय लांब करून. जुनं कापड फाटतं त्याचा आवाज होत नाही फारसा. ते सहज वेगळं होतं. दोघी चौकोन करून एकावर एक रचत होत्या. लेक अधूनमधून नाक ओढायची आणि परत फाडायची. एकदा तिनं एक चौकोन गालाला लावून बघितला, आणि खाली ठेवला. मी पलंगाच्या कडेला बसून होतो. उठावं का बसावं कळत नव्हतं.

बऱ्याच वेळानं विहीणबाईंनी माझं गाठोडं ओढलं. गाठ सोडायच्या भानगडीत पडल्या नाहीत, विळीनं कापली. माझ्या जाड, खरबरीत चादरी बाजूला केल्या. हिरवी साडी काढली, चोळून बघितली, नाकाला लावली, सोड्याच्या वासानं तोंड फिरवलं. मी विचारलं, चालंल का लेकराला? दुसरं काय विचारणार.

त्यांनी मान हलवली. कवळ्या अंगाला टोचंल म्हणाल्या. बाळंतीण झाल्यावर पोट बांधायला घेऊ, त्याला असंच चिवट पायजे. घडी करून त्यांनी ती वेगळी ठेवली. लेकीनं ती घडी आपल्या बाजूला ओढून घेतली, एवढं मी बघितलं.

मग विहीणबाईंनी चौकोन मोजल्यासारखे हातानं सारखे केले आणि म्हणाल्या, सगळं आमच्याच घरचं झालं. पहिल्या लेकराच्या अंगाला आईच्या माहेरची एक चिंधी तरी लागावी, तसं असतंय. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. इस्त्रीचा टेरिकॉटचा शर्ट, टेरिकॉटची पँट, कमरेला पट्टा.

"भाऊ," त्या म्हणाल्या, "तुम्ही धोतर जरी नेसत असता, तर तेवढा तरी उपेग झाला असता तुमचा."